बाळंतिणीचं मीठ कोणतं? अंगावर पिणाऱ्या बाळाचं आयोडीन तिथूनच येतं

लेकरू जन्मल्यापासून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. आशाताई हे घरोघर सांगतात आणि आता बऱ्याच घरांत ते ऐकलंही जातं. पण या सहा महिन्यांत बाळाच्या मेंदूला लागणारं आयोडीन दुधातूनच येतं आणि दुधात ते आईच्या जेवणातल्या मिठातून उतरतं, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, अळीव मिळतं, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, लसूण घातलेली शेपूची भाजी मिळते. डब्यातलं मीठ कोणतं आहे, हे मात्र बघायचं राहून जातं.

आयोडीन हे एक खनिज आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती आयोडीन वापरून संप्रेरक, म्हणजे हार्मोन तयार करते. अंगातली ऊब, वजन, नाडीचा वेग आणि लहान मुलांमध्ये हाडांची व मेंदूची वाढ या संप्रेरकावर चालते. पोटात असल्यापासून ते साधारण दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत बाळाचा मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो. या काळात आयोडीन कमी पडलं तर झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. मोठ्या माणसाला कमी पडलं तर गळ्याला गाठ येते, त्याला गलगंड म्हणतात. बाळाच्या बाबतीत असं वरून काही दिसत नाही. मूल हसतं, खेळतं, पण शाळेत गेल्यावर मागे पडतं. आयोडीन कमी असलेल्या भागातल्या आणि पुरेसं असलेल्या भागातल्या मुलांची तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बुद्ध्यांकात सरासरी साडेतेरा गुणांचा फरक आढळला होता. मास्तर म्हणतात पोरगं लक्ष देत नाही, घरचे म्हणतात आळशी आहे. दोष कुणाचा ते तिथे कळत नाही.

लागतं तरी किती? अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशोबाने सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणसाला लागणारं सगळं आयोडीन एकत्र केलं तरी चार ग्रॅम भरत नाही, चहाच्या चमच्यापेक्षा कमीच. अडचण एवढीच की शरीर त्याचा मोठा साठा करून ठेवू शकत नाही. थोडं थोडं पण रोजच्या रोज लागतं.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमचा आकडा सांगितला आहे. यातले १५० तिचे स्वतःचे आणि साधारण १०० दुधातून बाळाकडे जाणारे, असं सोपं गणित धरायला हरकत नाही. पाच वर्षांच्या आतल्या बाळाला दिवसाला ९० लागतात. मोठ्या माणसाच्या निम्म्याहून जास्त गरज एवढ्याशा जिवाला का, तर त्याच्या ग्रंथीत शिल्लक जवळपास नसतेच. आजचं आज लागतं. निसर्गाने त्याची सोयही केलेली आहे. स्तनातल्या दूध तयार करणाऱ्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून दुधात गोळा करतात. पण आईच्याच पोटात कमी गेलं तर दुधातही कमी उतरतं. बाळ पोटभर पितं, वजनही वाढतं, तरी आयोडीन अपुरंच राहतं.

आपल्या मातीत आयोडीन का नाही?

आयोडीनचा खरा साठा समुद्रात. जमिनीतलं आयोडीन हजारो वर्षांच्या पावसाने आणि पुराने धुऊन गेलेलं आहे. माती कितीही काळी आणि कसदार असली तरी तिच्यातल्या ज्वारीत, डाळीत, भाजीत आयोडीन थोडंच येतं. शेणखत घातलं किंवा माल सेंद्रिय पिकवला म्हणून यात फरक पडत नाही. पूर्वी हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार समजला जायचा, पण नंतरच्या पाहण्यांत महाराष्ट्र आणि गुजरातसारख्या राज्यांतही गलगंडाचे रुग्ण सापडले.

शेळ्या पाळणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गाभण शेळीला आयोडीन कमी पडलं तर करडू अशक्त, अंगावर केस कमी आणि गळ्याला फुगवटा घेऊन जन्मतं. म्हणूनच गाभण आणि दुभत्या जनावराला खनिज मिश्रण द्यायला सांगतात, त्यात आयोडीन असतं. गोठ्यात खनिज मिश्रणाची पिशवी आणि घरातल्या बाळंतिणीला गोणीतलं सुटं मीठ, असं चित्र काही घरांत असतं. हे उलटं आहे.

मिठातच आयोडीन घालायचं कारण साधं आहे. गरीब असो की श्रीमंत, मीठ रोज सगळेच खातात आणि जवळपास सारखंच खातात. भारतात याची मोठी चाचणी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये सुरू झाली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधंच ठेवलं. आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागांत गलगंड उतरू लागला. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीनच्या कमतरतेच्या सर्वच विकारांसाठीचा कार्यक्रम असं झालं, कारण तोवर प्रश्न गळ्यापेक्षा मेंदूचा आहे हे स्पष्ट झालं होतं. माणसाने थेट खायचं मीठ बिगर आयोडीनचं विकायला १७ मे २००६ पासून देशभर बंदी आली. जनावरांसाठी, कारखान्यासाठी लागणारं मीठ मात्र बिगर आयोडीनचं मिळतं, आणि घोळ तिथेच होतो.

पिशवीवर काय बघायचं

दुकानात ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असायला हवं, असा नियम आहे. पीपीएमचा अर्थ इथे सोपा आहे. १५ पीपीएम म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम आयोडीन.

आता हिशोब करून बघा. आपल्याकडे माणूस दिवसाला साधारण ८ ते १० ग्रॅम मीठ खातो. १५ पीपीएमचं १० ग्रॅम मीठ म्हणजे १५० मायक्रोग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाचं भागलं, बाळंतिणीचं नाही. तेच मीठ ३० पीपीएमचं असेल तर ८ ग्रॅममध्येच २४० होतात. वर दूध, अंडं, मासळी यातून थोडं मिळालं की झालं. म्हणून बाळंतिणीने मीठ जास्त खावं, असा अर्थ काढू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण रक्तदाब. बाळंतपणात रक्तदाब वाढलेल्या बाईला तर डॉक्टर मीठ कमीच करायला सांगतात. मीठ कमी खायचं असेल तेव्हा ते चांगल्या आयोडीनचं असणं उलट जास्त गरजेचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ९४ टक्के घरांत आयोडीनचं मीठ आढळलं. आकडा मोठा दिसतो. पण २०१८-१९ च्या देशव्यापी आयोडीन पाहणीत मिठातलं प्रमाण मोजलं, तेव्हा १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांतच निघालं. म्हणजे आयोडीन आहे पण पुरेसं नाही, अशीही बरीच घरं आहेत. मोठ्या माणसाचं त्यात कसंबसं निभतं, बाळंतीण आणि बाळ मात्र उणे राहतात.

आठवडी बाजारात गोणीतून मापाने मिळणारं सुटं मीठ घेऊ नये. त्यात आयोडीन असेलच असं नाही, आणि असलं तरी उघड्या गोणीत ऊन-वारा-ओल लागून उडून जातं. जाडं मीठ, म्हणजे खडे मीठ, लोणच्यासाठी बऱ्याच घरांत येतं आणि मग तेच आमटीतही पडतं. काही कंपन्यांचं जाडं मीठ आयोडीनयुक्त असतं, त्यामुळे जाडं की बारीक हा प्रश्न नाही, पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का हे बघायचं. जाडं मीठ धुऊन वाळवून वापरायची पद्धत काही ठिकाणी आहे. आयोडीन खड्याच्या वरच्या बाजूला लागलेलं असतं, धुतलं की पाण्याबरोबर गेलं. जनावरांसाठी आणलेल्या मिठाची गोणी तर स्वयंपाकघरात येताच कामा नये.

सध्या सगळ्यात जास्त गैरसमज सैंधवाबद्दल आहे. शेंदेलोण, गुलाबी मीठ, हिमालयातलं मीठ, नाव काहीही असो, ते खाणीतून काढलेलं मीठ आहे आणि वरून घातलेलं नसेल तर त्यात कामापुरतं आयोडीन नसतं. काळं मीठ, म्हणजे पादेलोण, त्याचंही तेच. एकादशीला, चतुर्थीला उपवासाच्या खिचडीत सैंधव घातलं तर काही बिघडत नाही, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण मोबाइलवर ‘पांढरं मीठ विष आहे’ असे मेसेज वाचून घरात बारा महिने सैंधव सुरू केलेली कुटुंबं आता खेड्यातही दिसतात. त्यातही बाळंतिणीला ‘शुद्ध’ म्हणून मुद्दाम सैंधव देतात. तिप्पट-चौपट पैसे मोजून बाळाचं आयोडीन बंद करण्याचा हा प्रकार आहे.

अळणी जेवणाची रीत काही भागांत अजून आहे. बाळंतिणीला पहिले काही दिवस मीठ द्यायचं नाही किंवा नावाला द्यायचं. पाच-सात दिवस ठीक, पण हे पथ्य सव्वा महिना चालवलं तर बाळाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत दुधातलं आयोडीन कमी होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तिथे आजी म्हणेल तसं चालतं. आजीला समजावून सांगितलं तर ती ऐकते, नातवंडाच्या डोक्याचा प्रश्न आहे म्हटल्यावर कोण ऐकणार नाही?

पिशवी घेताना आयोडीनयुक्त शब्द, बनवल्याची तारीख आणि अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर बघावा. भारतात आयोडीनयुक्त मिठाची खूण म्हणून हसऱ्या सूर्याचं चिन्ह ठरवलेलं आहे, अक्षरं वाचता न येणाऱ्यांनाही ते ओळखता येतं. वर्षभराची पोती भरून ठेवू नये, महिना-दोन महिन्यांचंच आणावं.

घरी आणल्यावर झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यात ठेवायचं. चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारच्या फळीवर, खिडकीच्या उन्हात नको. ओला हात घालायचा नाही, कोरडा चमचा ठेवायचा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, ते पाणी ओतून दिलं की त्याबरोबर आयोडीनही जातं. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते बरंच टिकाऊ आहे, तरी उकळताना थोडं कमी होतंच. भाजी-आमटी होत आली की शेवटी मीठ टाकलं तर जास्त उरतं. डाळ शिजायला लावतानाच कुकरमध्ये मीठ टाकायची सवय मोडायला थोडे दिवस लागतील.

बाजरी, कोबी, मासळी, दूध

बाजरीत आणि कोबी, फ्लॉवर, मुळा अशा भाज्यांत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारे काही घटक असतात, हे खरं आहे. ते वाचून कुणी बाळंतिणीची बाजरीची भाकरी बंद करू नये. जिथे आयोडीन आधीच कमी आणि खाण्यात दुसरं काही नाही, तिथे हा त्रास होतो. मीठ बरोबर असेल तर बाजरी खुशाल खावी, तिच्यातलं लोह बाळंतिणीच्या कामाचं आहे. कोबी शिजवून खावा, एवढं पुरे.

मासे खाणाऱ्या घरात समुद्राची मासळी, सुके बोंबील, सुकट, जवळा यातून आयोडीन मिळतं. तळ्यातल्या, धरणातल्या माशांत त्यामानाने कमी. अंड्याच्या पिवळ्या बलकात असतं. दुधातही असतं, पण किती ते गाई-म्हशीने काय खाल्लं यावर ठरतं. खनिज मिश्रण खाणाऱ्या गाईच्या दुधात जास्त, नुसत्या कडब्यावर असलेल्या गाईच्या दुधात कमी. शाकाहारी आणि दूध डेअरीला घालून घरात काळा चहा पिणाऱ्या कुटुंबात बाळंतिणीचा सगळा भार मिठावरच येतो. निदान ती अंगावर पाजते तोवर तरी रोजचं पेलाभर दूध तिच्यासाठी मागे ठेवावं.

सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. कॅल्शियमची गोळीही मिळते. दोन्ही जरूर घ्याव्यात, पण या दोन्ही गोळ्यांत आयोडीन नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून मिठाकडे दुर्लक्ष नको.

तंबाखूबद्दल एक सांगायला हवं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या आईच्या दुधात आयोडीन कमी उतरतं, धुरातून अंगात तयार होणारा एक घटक त्याची वाट अडवतो. मिश्री लावणाऱ्या बायांनीही या काळात ती सोडलेली बरी, तंबाखूतलं निकोटीन दुधातून बाळाच्या अंगात जातं.

सहा महिन्यांनंतर

उष्टावण झालं की नवा पेच येतो. बालरोगतज्ज्ञ सांगतात, वर्षाच्या आत बाळाच्या जेवणात वरून मीठ घालू नका, त्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. मग आयोडीन कुठून येणार? आईच्या दुधातूनच. म्हणून वरण-भात, नाचणीचं सत्त्व सुरू झालं तरी अंगावर पाजणं बंद करायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालतं. बाळाच्या वाटीत हळूहळू नीट शिजवलेल्या अंड्याचं बलक द्यावं. वर्ष झाल्यावर घरच्या जेवणात ते आपोआप आयोडीनच्या मिठावर येतं. बाळासाठी अळणी घास बाजूला काढायचा आणि मग बाकीच्यांच्या आमटीत मीठ टाकायचं, म्हणजे दोन भांडी लागत नाहीत.

जास्त झालं तर?

रोजच्या मिठातून आयोडीन जास्त होण्याची भीती साधारण माणसाला नाही, जादाचं लघवीवाटे निघून जातं. भीती आहे ती मनाने घेतलेल्या गोळ्यांची आणि समुद्री शेवाळाच्या पावडरींची. तान्ह्या बाळाची ग्रंथी जास्त आयोडीनने काही काळ कामच थांबवते. जखमेला लावायचं तपकिरी आयोडीनचं औषधही बाळाच्या त्वचेतून आत जातं. ते बेंबीला लावू नये. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, हळद, तेल, राख काहीच नको.

ज्या आईला आधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे तिने ती अंगावर पाजताना बंद करू नये. थायरॉक्सिनची गोळी बाळाला बाधत नाही, बंद केली तर आईला बाधते. घरातलं आयोडीनचं मीठही तिला सहसा चालतं, शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं. किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉईडची तपासणी किंवा उपचार करायचे असतील तर मात्र आपण बाळाला पाजतो हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, त्या वेळी पाजणं थांबवावं लागतं.

काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट तयार झालेली नसते. हा आयोडीनच्या कमतरतेपेक्षा वेगळा आजार आहे, मीठ कितीही चांगलं असलं तरी होऊ शकतो. कावीळ दोन-तीन आठवडे न उतरणं, बाळ सारखं झोपून राहणं, दूध नीट न ओढणं, घोगरं रडणं, जीभ मोठी दिसणं, बेंबी फुगणं, शी घट्ट होणं, ही त्याची लक्षणं आहेत. पण ती उशिरा दिसतात. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करता येते. ती सगळीकडे आपोआप होतेच असं नाही, तेव्हा दवाखान्यातून घरी निघण्याआधी विचारावं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर अशी मुलं इतरांसारखीच वाढतात. घरातलं मीठ बदलून हा आजार बरा होत नाही.

मीठ तपासायचं कसं, हा प्रश्न उरतो. गलगंडाचा प्रश्न असलेल्या जिल्ह्यांत आशाताईंकडे तपासणीची छोटी बाटली दिलेली असते. चिमूटभर मिठावर थेंब टाकला की आयोडीन असल्यास निळा-जांभळा रंग येतो. बटाट्याच्या फोडीवर मीठ आणि लिंबू टाकायचा प्रयोगही मोबाइलवर फिरतो. या दोन्हींतून आयोडीन आहे की नाही एवढाच अंदाज येतो, किती आहे ते प्रयोगशाळेतच कळतं. बाटलीतल्या द्रावणाची मुदत संपली असेल तर चांगल्या मिठालाही रंग येत नाही, म्हणून आधी तारीख बघावी. पिशवीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं असून रंग आला नाही तर पिशवी फेकू नये. पावतीसह ठेवून आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही तक्रार करता येते, तिथले अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून नमुना घेऊन तपासणीला पाठवतात.